वय २७, पदरात लेकरू, बारावी सायन्स झालंय; नर्सिंगची ॲडमिशन आणि पैशाचं कसं जमवावं?

केजची_लेक

नमस्कार सगळ्यांना, जरा मोठं लिहायलेय, वेळ काढून वाचा.

मी केज तालुक्यातली, सासर पण इकडंच. बारावी सायन्स, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), ५४ टक्के. निकाल लागला आणि लगेच लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. आता मुलगा पाच वर्षांचा आहे. मालक पिकअप चालवतात, घरची तीन एकर कोरडवाहू, सप्टेंबर २०२५ च्या पावसात सोयाबीन जाग्यावर सडलं त्यामुळं यंदा हातात काहीच नाही. आमची कॅटेगरी ओबीसी.

मी अंबाजोगाईत एका खाजगी दवाखान्यात वॉर्डात कामाला आहे. मदतनीस म्हणून घेतलं होतं पण आता सलाईन लावणं, इंजेक्शन भरणं, युरीनची पिशवी मोजून रिकामी करणं, बीपी घेणं, सगळं मीच करते, रात्रपाळी पण असते. पेशंट सिस्टर म्हणून हाक मारतात. पगार ८ हजार. मागच्या महिन्यात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली एक मुलगी लागली, तिला माझ्या दुप्पट पगार. तिचं काही वाईट नाही, चांगली आहे पोरगी. पण रात्री मी दिलेल्या इंजेक्शनपुढं चार्टवर सकाळी तिची सही घेतात तेव्हा जिवाला लागतं. मला कामाची भीती नाही, मला माझ्या नावानं सही करायचीय.

आता मूळ प्रश्न. दवाखान्यात एकजण येतो, तो म्हणतो बंगळूरला बी.एस्सी. नर्सिंगला सीट करून देतो, वर्षाला ९० हजार, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नको काही नको, फक्त परीक्षेला जायचं, हजेरीचं आम्ही बघून घेऊ, आत्ता २० हजार भरून सीट बुक करा. सासूबाई म्हणायलेत की घरी राहून होत असंल तर कर. मालकांचं म्हणणं आधी चौकशी कर. म्हणून विचारायलेय, हे खरं असतं का? इथंच करायचं म्हटलं तर जीएनएम करावं का बी.एस्सी.? माझ्या वयाला घेतील का? आणि फीचं कसं जमवतात लोक?

घाटीतली_सिस्टर

ताई, सगळ्यात आधी, ते २० हजार देऊ नकोस. तुझ्याकडं असले तरी देऊ नकोस.

मी संभाजीनगरला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, जीएनएम जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमधून केलं, नोकरी लागल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची पदवी) केलं, म्हणून दोन्ही रस्ते माहीत आहेत. "फक्त परीक्षेला या" असं नर्सिंग कुठंच नसतं. हा कोर्स वॉर्डात उभं राहून होतो. पोस्टिंगचे तास भरावे लागतात, मेडिसिन, सर्जरी, लेबर रूम, पेडियाट्रिक, मानसोपचार, कम्युनिटी सगळीकडं, आणि त्याच्या केस बुक भरून बाईंच्या सह्या घ्याव्या लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिल म्हणजे आयएनसीच्या नियमात घरी बसून करायचा नर्सिंगचा कोर्स नाही. खोट्या हजेरीवर कागद मिळाला तरी उद्या कुणी तक्रार केली की कागद जातो आणि चार वर्षांचे पैसेपण जातात. आणि तुझ्यासारखी वॉर्डात काम केलेली बाई खोट्या हजेरीनं कशाला पास व्हायला पाहिजे गं, तुला तर तिथं आवडंल.

कुठलंही कॉलेज असू दे, तीन गोष्टी बघायच्या. आयएनसीच्या यादीत त्या वर्षासाठी नाव आहे का, आपल्याकडचं असंल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि बी.एस्सी. असंल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे का. जीएनएमची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, त्याला राज्याचं शुश्रूषा आणि परावैद्यक शिक्षण मंडळ आहे. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते आणि ती नोंदणी म्हणजेच तुझी सही. नोंदणी नसताना तू आत्ता जे करायलीस त्यात उद्या एखाद्या पेशंटचं काही बरंवाईट झालं तर दवाखाना हात वर करंल आणि तू एकटी अडकशील, हे स्पष्ट सांगते कारण अशा पोरी मी बघितल्यात.

आता जीएनएम का बी.एस्सी. जीएनएम तीन वर्षांचं, बारावी ४० टक्के आणि इंग्रजी लागतं, आर्ट्सवाल्यांनाही चालतं, वय १७ ते ३५. बी.एस्सी. चार वर्षांचं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, ओपनला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के. तुझे ५४ आहेत, तुला दोन्ही दारं उघडी आहेत. स्टाफ नर्सच्या सरकारी जाहिरातीला दोन्ही चालतात, ज्याला आता अधिपरिचारिका म्हणतात, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. पण एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांकडं नोंदणीनंतर ५० खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, बी.एस्सी.ला ती अट नाही. गावपातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं असंल तर तिथंपण बी.एस्सी. कामाला येतं. पुढं ट्यूटर व्हायचं, एम.एस्सी. करायचं तर जीएनएमवाल्यांना आधी दोन वर्षं पोस्ट बेसिक करावं लागतं, मी केलं तसं.

वयाचं म्हणशील तर राज्याच्या नोकरीला ओपनची मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३. तू ३२ ला बाहेर पडशील, पुढं भरपूर वर्षं आहेत. एम्सला मात्र ३० ची मर्यादा आणि ओबीसीला तीन वर्षं सूट, म्हणजे ३३. ते डोक्यात असंल तर आणखी एक वर्ष घालवू नको.

माझं मत बी.एस्सी. कर, आणि ते सीईटी देऊन कॅप म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या राउंडमधूनच कर. कॅप का म्हणायलेय ते पैशाच्या बाजूनं इथं कुणी तरी सांगंलच.

उदगीरकर

बंगळूरच्या एजंटाबद्दल. आमच्या सीमेवर हे लोक दर जून-जुलैला बिदर, कलबुर्गी, बंगळूरच्या कॉलेजांसाठी फिरतात. कर्नाटकात चांगली कॉलेजं आहेत, तिथं राहून रीतसर शिकून आलेली पोरं आमच्याकडं कामाला आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एक गोष्ट एजंट कधीच सांगत नाही. तिकडं पास झालं की नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलमध्ये होते, मग महाराष्ट्रात नोकरी करायची तर तिथून ना हरकत घ्यायची, कागदांची पडताळणी होणार आणि मग आपल्या कौन्सिलमध्ये नोंदणी. आमच्या गल्लीतली पोरगी यात कित्येक महिने घरी बसून होती आणि तेवढ्यात एक भरती निघून गेली. शिवाय आपल्या राज्याची फी माफी बाहेरच्या कॉलेजाला लागत नाही. एजंटाचं कमिशन तुमच्या फीतूनच निघतं, दुसरीकडून नाही.

नांदेडचा_बाप

बाई, पैशाचं मी सांगतो, माझी पोरगी खाजगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मी एसटीत नोकरीला, म्हणजे प्रत्येक रुपया कुठं गेला ते तोंडपाठ आहे.

जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ते ५० टक्के होतं. तू ओबीसी आहेस, तुझं उत्पन्न ८ लाखांच्या जवळपास पण जात नाही. पण ही माफी ज्यांची सीट केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून लागली त्यांनाच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस, किंवा कुणाच्या ओळखीनं कॉलेजात थेट जाऊन सीट घेतलीस की माफी गेली, मग तू कितीही गरीब अस. आमच्या पोरीच्या वर्गात दोघी शेजारी शेजारी बसतात, एकीला शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीचा बाप दरवर्षी पूर्ण फी भरतो, पोरी दोन्ही हुशार, फरक एवढाच की दुसरीला कुणी तरी सांगितलं कशाला राउंडची वाट बघता सीट संपतील, आणि त्यांनी घाईत कोट्यातून घेतली. म्हणून घाटीतल्या ताई म्हणतात ते मीपण म्हणतो, कॅपचं अलॉटमेंट लेटर हातात येईपर्यंत कुणालाही एक रुपया द्यायचा नाही.

आता माफ काय होत नाही ते ऐक, कारण इथंच माणूस फसतो. डेव्हलपमेंट फी माफ नाही. हॉस्टेल, मेस, बस, युनिफॉर्म, पुस्तकं, लॅबचं डिपॉझिट माफ नाही. युनिफॉर्म एक नसतो, वॉर्डचा वेगळा, कम्युनिटीचा वेगळा, पांढरे बूट, सेकंदकाट्याचं घड्याळ, ॲप्रन, स्टेथो, बीपीचं मशीन, पहिल्या महिन्यात हे सगळं एकदम येतं. आम्हाला हॉस्टेल-मेसचा खर्च सगळ्यात जड जातो. कॉलेजची मंजूर फी किती आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर कॉलेजवार दिलेलं असतं, त्यात शिक्षण शुल्क किती आणि डेव्हलपमेंट किती ते वेगळं दिसतं. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीची यादी) भरायच्या आधी त्याची प्रिंट काढून घे. कॉलेजनं त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती माग, पावतीचं नाव काढलं की निम्म्या मागण्या आपोआप कमी होतात, अनुभव आहे.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या मुलांना हॉस्टेल नाही मिळालं तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ठिकाणाप्रमाणे वर्षाला ३८ हजार ते ६० हजार खात्यावर येतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तशीच स्वाधार योजना आहे, आणि त्यांची महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती वेगळी, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असंल तर. आधार योजनेत जागा ठराविक असतात, त्यामुळं जाहिरात निघाली की त्याच आठवड्यात अर्ज टाकायचा.

आणि जीएनएमला गेलीस तर ॲडमिशन घ्यायच्या आधीच महाडीबीटीवर बघ, तुझ्या कॅटेगरीच्या योजनेत त्या संस्थेचं आणि कोर्सचं नाव यादीत येतं का. यादीत नसंल तर कॉलेजवाला तोंडी काही म्हणो, पैसे येणार नाहीत.

जालन्याची_मी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एएनएम (आरोग्य सेविकेचा कोर्स) कर ना ताई, दोन वर्षांत मोकळी. लहान लेकरू आहे, चार वर्षं कोण सांभाळणार. उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून लागता येतं, घराजवळ राहता येतं.

घाटीतली_सिस्टर

एएनएम वाईट नाही, गावोगाव लसीकरण आणि बाळंतपणं त्याच बाया सांभाळतात, त्यांच्यावरच सगळं उभंय. पण जिला बारावीला पीसीबी आहे आणि वॉर्डाची आवड आहे तिनं एएनएमवर थांबावं असं मला वाटत नाही. दवाखान्यात स्टाफ नर्सची जागा एएनएमवर मिळत नाही, मग हिला परत जीएनएम करावं लागंल, म्हणजे दोन आणि तीन पाच वर्षं. लेकराचं म्हणाल तर दोन वर्षंही अवघडच आणि चार वर्षंही अवघडच, घरचे पाठीशी आहेत का ते महत्त्वाचं.

सेवा_केंद्र_परभणी

ताई मी महा ई-सेवा केंद्र चालवतो, दरवर्षी नर्सिंगची मुलं येतात आणि दरवर्षी त्याच त्याच कागदापायी रडतात म्हणून लिहितोय. आजपासून कागद सुरू करा, सीईटीचा निकाल लागल्यावर नाही.

तुमच्या केसमध्ये सगळ्यात मोठी अडचण नावाची येणार. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काही. ऑनलाइन फॉर्म दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच भरायचा, आणि जोडीला विवाह नोंदणी प्रमाणपत्र ठेवायचं, नाव बदलल्याचं राजपत्र काढलं असेल तर उत्तमच. जातीचा दाखला माहेरचाच चालतो, जात जन्मानं असते, लग्नानं बदलत नाही. सासरच्या नावानं नवीन काढायला जाऊ नका, वेळ जाईल.

जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी झाली आहे का? बारावी सायन्सला असताना कॉलेजनं प्रकरण पाठवलं असेल तर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीत चौकशी करा, कधी कधी प्रमाणपत्र तयार होऊन तिथंच पडून असतं. नसेल झालं तर वडिलांचं किंवा सख्ख्या चुलत्याचं व्हॅलिडिटी असलं की तुमचं पटकन होतं. काहीच नसलं तर आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुन्या महसुली नोंदी शोधाव्या लागतात, आपल्याकडच्या जुन्या नोंदी निजामाच्या काळातल्या, उर्दूत किंवा मोडीत असतात, त्या वाचून घ्यायलाच वेळ जातो. म्हणून आज सुरू करा म्हणतोय.

नॉन-क्रिमीलेयर चालू असलेलं पाहिजे, मुदत बघा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, चालू आर्थिक वर्षाचा. डोमिसाईल, बारावीचा टीसी, आणि शिक्षणात खंड पडला म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र, त्यात कोणत्या साली बारावी झाली आणि तेव्हापासून कुठंही प्रवेश घेतलेला नाही हे स्पष्ट लिहायचं.

बँक खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यावर यायला, एनपीसीआयला सीडिंग म्हणजे नोंद असणं वेगळं. बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. पैसे मंजूर होऊन अडकलेली निम्मी प्रकरणं माझ्याकडं याच कारणानं येतात. महाडीबीटीचा अर्ज भरला की सोडून देऊ नका, दर आठ दिवसांनी लॉगिन करून बघा, "सेंट बॅक" दिसलं की त्याच दिवशी दुरुस्त करून परत पाठवा. कॉलेजच्या क्लार्कनं पुढं ढकलल्याशिवाय अर्ज विभागाकडं जात नाही, त्यामुळं त्यांच्याशी बोलणं चालू ठेवा. आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी नूतनीकरण आपल्यालाच करावं लागतं, आपोआप होत नाही.

केजची_लेक

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंय, मालकांना रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं. एजंटाला नाही सांगून टाकलं. तो म्हणाला पस्तावाल. बरं.

व्हॅलिडिटी माझ्या चुलत भावाची आणि चुलत्याची झालेली आहे, कागद मागवलेत. आता आणखी विचारते. एक, मला इतक्या वर्षांचा खंड आहे तर माफी मिळते का, इथं एकजण म्हणाली दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप असंल तर स्कॉलरशिप बंद. दोन, कॉलेजवाले आधी पूर्ण फी भरा आणि सरकारकडून आल्यावर परत देऊ म्हणाले तर काय करायचं, आमच्याकडं भरायला नाहीत. तीन, हॉस्टेल-मेस आणि बाकीच्यासाठी कर्ज मिळंल का. सोनं मोडायचं मनात आहे पण फार नाही.

नांदेडचा_बाप

खंडाचं, ती दोन वर्षांची अट कोर्स चालू असतानाच्या खंडाची आहे. म्हणजे ॲडमिशन घेतली, मध्ये सोडलं, परत आली, असं. बारावीनंतरच्या गॅपला प्रतिज्ञापत्र लागतं. त्या बाईंनी अर्धंच ऐकलंय.

आधी भरायचं म्हटलं तर, ज्या मुली माफीत बसतात त्यांच्याकडून ॲडमिशनच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नका असं सरकारनं कॉलेजांना बजावलंय. तरी मागतात. आमच्याकडंपण मागितलं. मी भांडलो नाही, शासन निर्णयाची प्रिंट आणि पोरीचं अलॉटमेंट लेटर घेऊन प्राचार्यांकडं गेलो, आणि म्हणालो, साहेब, मी अर्ज देतो, नाही म्हणायचं असेल तर त्यावर तसं लिहून सही करून द्या. लिहून कुणी देत नाही. डेव्हलपमेंट फीचा पहिला हप्ता घेतला आणि ॲडमिशन केली. तुझ्यासोबत कुणी तरी शांत डोक्याचं माणूस ने, आणि ओरिजनल कागद दाखवून परत घे, टीसी तेवढा ते ठेवतात, त्याच्या आधी चार-पाच रंगीत झेरॉक्स काढून ठेव.

पासबुक_लातूर

बँकेत आहे, शैक्षणिक कर्जाचं मी सांगतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो, शाखेत जाऊनपण. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, कारण त्याला सरकारची क्रेडिट गॅरंटी आहे. शाखेत कुणी जमीन गहाण ठेवा म्हणालं तर हे नम्रपणे सांगायचं. कर्जात फक्त फी नाही, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, युनिफॉर्म, उपकरणंपण धरता येतात, कॉलेजकडून लेटरहेडवर चार वर्षांच्या खर्चाचं पत्रक घ्या, त्यात हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. हप्ता कोर्स संपून आणखी एक वर्ष झाल्यावर सुरू होतो. तोपर्यंत व्याज लागत राहतं, जमलं तर दर महिन्याला तेवढं व्याज भरत जा, पुढचा हप्ता बराच हलका होतो.

लग्न झालेल्या मुलीला सहकर्जदार म्हणून नवरा चालतो, आईवडील किंवा सासूसासरे पण चालतात. इथं एक बघायचं, ज्याला सहकर्जदार करणार त्याचं पीककर्ज किंवा गाडीचं कर्ज थकलेलं नको. पिकअपचे हप्ते मागं असतील तर आधी ते सुरळीत करा, नाही तर सहकर्जदार वडिलांना करा. यंदाच्या पावसानं अर्ध्या मराठवाड्याचं पीककर्ज थकलंय, हे आम्हालापण दिसतं, पण सिस्टीममध्ये सिबिल म्हणजे कर्जफेडीचं रेकॉर्ड आधी उघडतं.

ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, देशातल्या शिक्षणासाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज महामंडळ परत करतं. कर्ज मंजूर व्हायच्या आधी जिल्हा कार्यालयात जाऊन वयाची आणि उत्पन्नाची अट वाचून अर्ज द्या, आपल्याकडं बऱ्याच जणांना ही योजना माहीतच नसते. आणि माझं वैयक्तिक मत, माफी मिळत असेल तर वर्षाला ९० हजारांचं कर्ज काढायचं कारण नाही, हॉस्टेल-मेसपुरतंच काढा. मंजूर जास्त झालं तरी सगळं उचलावं लागत नाही, वर्षाला लागेल तेवढंच उचला. सोनं आत्ता मोडू नका, पहिल्या महिन्यात बँकेकडून कर्जाचे पैसे यायला उशीर झाला तर तेवढ्यापुरतं गहाण ठेवता येतं, मोडलं की परत होत नाही.

सेकंड_सेम

ताई मी यंदाच सीईटी देऊन आलेय, लातूरला शिकते. परीक्षा ऑनलाइन असते, सेंटरवर कॉम्प्युटरवर. १०० प्रश्न, १०० मार्क, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, सगळ्यांना सारखं वजन, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यामुळं एकपण प्रश्न सोडायचा नाही. तुला बायो आणि ॲप्टिट्यूड जड जाणार नाही, वॉर्डात रोज तेच बघतेस. फिजिक्स सोडून देऊ नको, सोपं विचारतात, अकरावी-बारावीचं आपलं बोर्डाचं पुस्तक नीट केलं तरी पुरतं. महागडा क्लास लावायची गरज नाही, मी नाही लावला. रात्रपाळीत पेशंट झोपल्यावर जो वेळ मिळतो त्यात एक-एक धडा वाच.

एक गोष्ट खूप जणी विसरतात. सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅपचा फॉर्म वेगळा. निकाल लागला म्हणजे ॲडमिशन लागली असं नाही, त्यानंतर कॅपची नोंदणी सुरू होते, त्यात कागद अपलोड करायचे, मग मेरिट लिस्ट, मग ऑप्शन फॉर्म. माझी मैत्रीण निकाल बघून गावाकडं गेली आणि कॅपची तारीख निघून गेली, चांगले मार्क होते तिला. सीईटी सेलची साईट रोज बघायची, मेसेज येईलच असं धरून चालू नको.

आमच्या वर्गात दोघी लग्न झालेल्या आहेत, एकीला मुलगी आहे. पहिलं सेमिस्टर तिला फार जड गेलं, पण ॲनाटॉमी सोडून सगळ्यात तीच पुढं असते, वॉर्डात तर मॅडम आम्हाला सांगतात हिच्याकडं बघा बेड कसा करते.

केजची_लेक

शेवटचं विचारते मग तुम्हाला त्रास देत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं कुठल्या क्रमानं टाकायची? आई धारूरला असते, ती मुलाला सांभाळायला तयार आहे. म्हणजे घराजवळचं आधी टाकू का सरकारी?

घाटीतली_सिस्टर

सरकारी सगळ्यात वर टाक, संभाजीनगर असो का मुंबई. मिळो न मिळो, टाकायला काही लागत नाही. फी नाममात्र असते आणि वॉर्डात जेवढे पेशंट हाताखालून जातात तेवढे खाजगीत मिळत नाहीत. त्याखाली खाजगीतली, जवळपासची, पण ज्यांना स्वतःचा मोठा दवाखाना जोडलेला आहे ती आधी. काही कॉलेजं नुसती इमारत असते आणि पोस्टिंगला पोरींना बसमध्ये भरून दुसऱ्या तालुक्यात नेतात, त्यात दिवसाचे तीन-चार तास जातात आणि लेकरू असलेल्या बाईला ते परवडत नाही. शनिवारी दुपारी त्या कॉलेजच्या गेटवर जाऊन उभी राहा आणि बाहेर येणाऱ्या पोरींना विचार, पोस्टिंग कुठं असतं, हॉस्टेल सक्तीचं आहे का, सुट्टी कधी देतात. त्या खरं सांगतात.

ज्या कॉलेजात तुला जायचंच नाही ते नाव यादीत टाकू नको. आणि पहिल्या राउंडला काही लागलं नाही तर घाबरून कोट्यात जाऊ नको, दुसरा-तिसरा राउंड असतो, खाजगीत शेवटपर्यंत जागा राहतात. पण सगळे राउंड संपल्यावर कॉलेज स्तरावर ज्या जागा भरतात त्यात माफी मिळंल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नको. मुलाला धारूरला ठेवायचं असंल तर जूनलाच तिथल्या शाळेत नाव घाल, तुझी ॲडमिशन व्हायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, मध्येच शाळा बदलली की पोरगं गोंधळतं. सीईटीचा फॉर्म भरलास की इथं लिही, हॉल तिकीट आलं की काय काय सोबत न्यायचं ते सांगते.

केजची_लेक

हो ताई. उद्या सुट्टी आहे, आधी बँकेत सीडिंग आणि मग बीडला समितीच्या ऑफिसला जाणार आहे. चुलत्याचं व्हॅलिडिटी सापडलं, झेरॉक्स काढून ठेवली.